आयती बरणी

"दारू पिऊन गटारात पडला असता तर मी समजले असते. बाई ठेवली असती तरी एक वेळ समजून घेतलं असतं. पण हा तुझा बाप रेल्वे क्लबात जातो आणि बरणीतलं आयतं अंडं विकत घेऊन खातो! चारचौघांत! माझा नवरा!"

आल्मा शॉरॉक हे सगळं हातातल्या अंड्याला सुनावत होती. टेबलापलीकडे तिची लेक डोरीन बसली होती, पण आल्मानं मान वर केली नव्हती. सोलताना तिचे अंगठे असे चालत होते, जणू विल्फचीच मान हाती लागली आहे.

"तुला कोणी सांगितलं?" डोरीननं विचारलं.

"मेव्हिस नटलनं. पावाच्या दुकानात, अख्ख्या रांगेसमोर. म्हणते कशी, 'तुमचे विल्फ बरे आहेत ना हो? नाही म्हटलं, हल्ली क्लबात दिसतात. आमच्या ह्यांच्या शेजारीच असतात. अंडं खात.' ते 'अंडं' कसं म्हणाली ते ऐकायला हवं होतंस तू. एखाद्या बाईचं नाव घ्यावं तसं."

"मग?"

"मग काय? म्हटलं, माझ्या नवऱ्याचे घास मोजण्यापेक्षा तुझ्या नवऱ्याला आधी दात बसवून आण. आणि पाव न घेताच आले."

आईच्या अशा बोलण्यावर डोरीन एरवी पोट धरून हसायची. आज हसली नाही. तिनं एक सोललेलं अंडं उचललं, बोटांत फिरवलं आणि होतं तिथं ठेवून दिलं.

"बदल म्हणून खाल्लं असेल गं, आई."

"बदल? बदल म्हणून माणूस टोपी बदलतो!"

पण मेव्हिसला उत्तर दिलं तेव्हा रांगेतल्या बायका हसल्या नव्हत्या, ही गोष्ट आल्मानं लेकीला सांगितली नाही. सगळ्या जणी आपापल्या बुटांकडे बघत उभ्या होत्या. मेव्हिसच्या बोलण्यापेक्षा ते बघणंच तिला जास्त झोंबलं होतं. घरी येईस्तोवर तिचे कान तापलेले होते.

थॉर्नक्लफ गावात गिरणी होती तोवर गिरणी मोठी होती. ती बंद पडल्यावर आल्मा शॉरॉकच मोठी उरली. गिरणीच्या फाटकासमोर तिचा पब. नाव 'शटल', म्हणजे मागावरचा धोटा. परवान्यावर नाव विल्फचं, पण विल्फ आयुष्यभर गिरणीत जॉबर, माग दुरुस्त करणारा; बिअरचा नळ त्याला कधी साधला नाही. फेस जास्त यायचा. पब आधी त्याच्या आईनं चालवला, मग बायकोनं. गिऱ्हाइकं आल्माला 'मा' म्हणायची. कोणी लाडानं म्हणायचं, बरेचसे भीतीनं.

काउंटरवर काचेची मोठी बरणी असायची, लाकडी झाकणाची. सासूची. नवी नवरी होऊन आलेल्या आल्माच्या हाती सासूनं गल्ला दिला नव्हता, तळघराची किल्लीही नाही. ती म्हणाली होती, "आधी अंडी करून दाखव. अंडी जमली की बाकीचं आपोआप जमतं." आल्माची शाळा धड झालेली नव्हती, सही करायची ती चित्र काढल्यासारखी, जीभ बाहेर काढून. पण अंडी तिला पहिल्याच खेपेला जमली, आणि सासूनं चव घेऊन किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून 'शटल'च्या बरणीत दुसऱ्या कोणाच्या हातचं अंडं पडलेलं नव्हतं.

सोमवारी ती अंडी उकडायची, सोलायची. मोठ्या पातेल्यात व्हिनेगर, मिरी, मोहरी, सुक्या मिरच्या. उकळी फुटली की पातेल्यावर वाकून उभं राहायचं. श्वास घशात अडकला आणि डोळ्यांतून पाणी आलं की उतरवायचं. घड्याळ नाही, माप नाही. मग अंडी त्यात मुरू द्यायची, आणि शनिवारी दुपारी पहिल्या बिअरबरोबर प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक. वेफर्सची पुडी फोडायची, अंडं आत टाकायचं, तोंड पिरगाळून पुडी हलवायची आणि मग खायचं. 'शटल'मध्ये 'अंडं देऊ का' असं कोणी विचारत नसे. अंडं यायचंच. जो नाकारील त्याची दुसरी बिअर यायला फार उशीर व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात आल्मा तापानं आडवी पडली. चांगलीच पडली, पाद्री येऊन बसून गेला होता. उठली, आणि तेव्हापासून तिच्या लेखी जगातला कसच गेला. पाव म्हणजे ओला पुठ्ठा. चहा म्हणजे गरम पाणी. खाटकाला ती त्याच्या तोंडावर म्हणाली, "हे डुक्कर होतं की डुकराचा फोटो?" आणि व्हिनेगर! पातेल्यावर ती वाकून वाकून उभी राहायची, पण श्वास अडकायचा नाही, डोळा ओला व्हायचा नाही. वाण्याला ती म्हणाली, "नळाचं पाणी बाटलीत भरून विकतोस, मेल्या, नरकात जाशील." वाण्यानं सुटे पैसे मोजून दिले. तोही बुटांकडेच बघत होता, पण तेव्हा तिचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

मग तिनं स्वतःच उपाय केला. व्हिनेगर आटवून आटवून निम्मं करायची. मिरच्या दुप्पट, मग तिप्पट. वरून मोहरीची पूड. तेव्हा कुठे जिभेच्या टोकाला काहीतरी लागल्यासारखं व्हायचं. शनिवारी माणसं अंडी खाताना डोळे पुसायची. गिरणी बंद पडल्यापासून पुरुष फार हळवे झालेत, असं आल्मा डोरीनला सांगायची.

गुरुवारी दुपारी विल्फनं टोपी घातली. "पाय मोकळे करून येतो."

"ये," आल्मा म्हणाली. आणि तो कोपऱ्यावर वळताच कोट चढवून त्याच्या मागोमाग निघाली.

रेल्वे क्लबाच्या पुढच्या खोलीत बायकांना मज्जाव होता. तशी पाटीच होती. दारातला व्यवस्थापक तिला बघून पुढं आला. "मिसेस शॉरॉक, माफ करा, पण इथं बायकांना..."

"दारात उभं राहायला बंदी आहे? तसं पाटीवर लिहिलंय?"

"नाही, तसं नाही..."

"मग बाजूला हो."

दाराला काच होती. आल्मानं काय काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं; पहिलं वाक्य तर इतकं धारदार झालं होतं की म्हणायच्या आधीच तिला बरं वाटत होतं.

विल्फ खिडकीजवळ बसला होता. समोर छोटी बिअर. त्यानं वेफर्सची पुडी फोडली, तिच्यात अंडं टाकलं, तोंड पिरगाळलं आणि कानाशी धरून हलवलं, लहान पोर खुळखुळा हलवतं तसं. पहिला घास घेतला. डोळे मिटले.

बस, एवढंच. तो चावत होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. मागाचा आवाज ऐकून कुठं दोष आहे ते ओळखायचा तेव्हा तो असे डोळे मिटायचा. लग्नाच्या आधी, फाटकाशी तिची वाट बघत असायचा, तेव्हाही. हा चेहरा आपण अलीकडे कधी पाहिला, हे आल्माला आठवेना. निदान आपल्या टेबलावर नाही. आपल्या हातचं खाताना नाही.

तो खाऊन झाला. त्यानं रिकामी पुडी मांडीवर सपाट केली, तिची घट्ट त्रिकोणी घडी घातली, टोक आत खोचलं आणि कोटाच्या खिशात ठेवली. कागद हाती आला की त्याची अशीच घडी व्हायची. बसचं तिकीट असो नाहीतर वर्तमानपत्र.

आल्मा ते धारदार वाक्य विसरूनच गेली. नवऱ्याला दुसऱ्या बाईबरोबर पकडलं असतं तर ती आत घुसली असती, टेबल उलथलं असतं. पण हे बघताना तिला आपलीच चोरी पकडली गेल्यासारखं झालं. ती मागं सरली.

"मी इथं आले नव्हते," व्यवस्थापकाला ती म्हणाली.

"नाही, मिसेस शॉरॉक."

तो इतक्या सौम्यपणे म्हणाला की तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये बसून शेजारच्या गावी गेली. असं काय आहे त्या आयत्या अंड्यात, हे तिला बघायचंच होतं. आणि आल्मा शॉरॉकनं थॉर्नक्लफच्या दुकानातून अंड्यांची बरणी घेतली असती तर संध्याकाळच्या आत ती बातमी कबरीतल्या सासूपर्यंत पोचली असती. दुकानातली पोरगी बरणी पिशवीत घालता घालता म्हणाली, "पार्टी वाटतं, आजी?"

"कुत्र्यासाठी नेतेय," आल्मा म्हणाली. वेफर्सची पुडीही घेतली. "तीही कुत्र्यालाच," तिनं न विचारता सांगितलं.

कालव्याकाठच्या बाकावर ती बसली, डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून. आयुष्यात कोणाची चोरी केली नाही. आज स्वतःच्या पैशांनी घेतलेलं अंडं खायला ती आजूबाजूला बघत होती. पुडीत टाकलं. हलवलं. चावलं.

लांबून कुठून तरी आंबट लागलं. खारट लागलं. बाकी रबर.

"हॅ!" आल्मा मोठ्यानं म्हणाली. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. "याच्यासाठी? याच्यासाठी रे?" आणखी एक घास घेतला, खात्रीसाठी. काही नाही. वेफर्सही कागदासारखे. तिनं बरणीतलं पाणी झाकणात ओतलं, नाकाशी धरलं, खोल श्वास घेतला. काही नाही. म्हणजे कारखानेही पाणीच भरतात बरणीत.

तेवढ्यात एक बाई पोराला ओढत बाकासमोरून गेली. पोरानं कोटाची बाही नाकावर धरली होती, आईनं रुमाल. "चल लवकर," बाई म्हणत होती, "काय घाण मारतोय हा कालवा!"

आल्मानं बघितलं. कालव्याचा गाळ उपसून काठावर टाकला होता. बाकापासून हाताच्या अंतरावर काळाभोर ढीग, त्यावर माशा. ती कधीपासून त्याच्या शेजारी बसून खात होती.

हल्लीची माणसं भारी नाजूक, तिनं मनाशी म्हटलं. पण उरलेलं अंडं तिनं खाल्लं नाही. बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि घरी येऊन ती धुण्याच्या साबणामागं लपवली.

शनिवारी पियानो न्यायला माणसं येणार होती. पब मुळात बिअर कंपनीच्या मालकीचा. कंपनीनं ठरवलं की त्या कोपऱ्यात नाणं टाकून गाणी वाजवायचं दिव्यांचं यंत्र ठेवायचं. पियानो आल्माच्या धाकट्या बहिणीचा, एल्सीचा. दर शनिवारी एल्सी वाजवायची आणि अख्खा पब गायचा. ती गेली तेव्हापासून त्याचं झाकण कोणी उघडलं नव्हतं. त्याच्या शेजारचा लांब बाक मात्र शनिवारी नेहमी भरलेला असायचा, आणि त्यावरची खिडकी सताड उघडी. आल्मा ती लावायची आणि पाठ वळली की कोणीतरी पुन्हा उघडायचं. थंडी पडायला लागली तरी हेच. यावरून तिनं किती जणांना झापलं होतं त्याला गणती नाही.

"आज शेवटचा दिवस त्याचा," काउंटरवरून आल्मा म्हणाली. "दुपारी नेतायत."

डॉमिनोच्या सोंगट्या हातातच राहिल्या.

"आज?" एनॉक पिलिंग म्हणाला. हा विल्फच्या बरोबरीचा, त्याच्याच खात्यातला. "आल्मा, अगं, असा कसा नेतील? एल्सीचा पियानो तो."

"तेच म्हणते मी. पण कंपनीपुढं कोणाचं चालतं?"

"मा, आम्ही नेतो ना," बाकावरचा रॉय म्हणाला. रॉय गिरणीतला शेवटचा भरती झालेला, सगळ्यांत तरुण. "परक्यांना कशाला हात लावू द्यायचा? मागच्या दारानं नेतो. अगदी उभाच्या उभा. अलगद."

"आधी जरा पुसून घेऊ," दुसरा कोणी म्हणाला. "आतून."

"तुम्ही जरा पडा जाऊन, मा. आम्ही बघतो सगळं."

आल्माला भरून आलं. एल्सीचा एवढा मान होता यांच्या मनात! तोंडानं एक अक्षर बोलणार नाहीत, पण वेळ आली की कळतं. तिनं ॲप्रनच्या टोकानं नाक पुसलं आणि म्हणाली, "राहू द्या. बसा तुम्ही. आधी आपापली अंडी खा." आणि तिनं बरणीचं झाकण काढलं. तळघराच्या दारात उभ्या असलेल्या विल्फचा चेहरा पांढरा पडलेला तिनं पाहिला, आणि म्हटलं, याला होऊ दे लाज. चांगली होऊ दे.

कंपनीची माणसं आली. दोघं, धिप्पाड. एकानं आत पाऊल टाकलं आणि तो थबकला, नाक फेंदारून. मग त्यांनी पियानोला पट्टे बांधले.

"सावकाश," एनॉक म्हणाला. "तिरका नका करू हो. काही झालं तरी तिरका नका करू."

"आजोबा, तिरका केल्याशिवाय चाकं कशी लागणार?" आणि त्यांनी पियानो मागं कलवला.

आतून एक लांब, खोल हुंकार आला, सगळ्या तारांचा मिळून. मग खालची फळी निसटली आणि एक अंडं बाहेर आलं. ते फरशीवरून हळूहळू घरंगळत आल्माच्या पायाशी येऊन थांबलं. हिरवट काळं, बुरशीचे केस आलेलं. त्याच्या मागून दुसरं. आणि मग पुड्याच पुड्या, फुगलेल्या, चिकटलेल्या, ओल्या, आणि त्यांच्यातून आणखी अंडी. काही अर्धी खाल्लेली, काहींना नुसताच दात लावलेला.

"अरे देवा!" धिप्पाड माणसानं कोपरात तोंड खुपसलं. "मेलंय काय आत? माणसं इथं बसतात तरी कशी?"

त्याला ओकारी आली आणि तो दाराकडं पळाला. पण आल्मा त्याच्याकडं बघत नव्हती. ती आपल्या माणसांकडं बघत होती. एकही जण दचकला नव्हता. एकानंही नाकाला हात लावला नव्हता. ज्याला सवय झालेली असते तो जसा बसतो तसे सगळे बसले होते, बुटांकडं बघत. खिडकी उघडी होती.

आल्मानं तोंड मिटलं आणि नाकानं श्वास घेतला. छाती भरून घेतला. पुन्हा घेतला.

धुतलेल्या काचेसारखी हवा. तिच्यात कसलाच वास नव्हता.

पाव, चहा, डुकराचा फोटो. वाण्याच्या बाटलीतलं नळाचं पाणी. कालव्याकाठचं ते पोर, बाहीत नाक खुपसलेलं. एकेक करून सगळं तिच्या पायाशी येऊन थांबलं, त्या अंड्यासारखं.

"आल्मा," एनॉक म्हणाला. "अगं, आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तुला वाईट वाटेल."

"म्हणून माझ्या बहिणीच्या पोटात कोंबलीत?"

एनॉकनं हातातली सोंगटी पालथी ठेवली. मग रॉय, ज्याला गप्प बसणं कधी जमलंच नाही, हळूच म्हणाला, "घसा सोलून निघायचा हो, मा. नुसती आग. माझ्या जिभेची साल गेली होती."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला?" रॉय म्हणाला. "तुम्हाला कोण सांगणार, मा?"

एक जण हसला आणि लगेच खोकला. सगळे आल्माच्या उत्तराची वाट बघत होते. ती आत गेली आणि बादली घेऊन आली.

"मी करतो," विल्फ म्हणाला.

"हात लावू नकोस."

ती गुडघ्यावर बसली. एवढ्या माणसांसमोर ती आजवर कधी गुडघ्यावर बसली नव्हती, चर्चमध्येसुद्धा नाइलाजानं. मदतीला आलेल्या डोरीनला तिनं नुसत्या बोटानं मागं सारलं. सोमवारी टेबलाशी अंडं उचलून परत ठेवणारी डोरीनची बोटं तिला आठवली. म्हणजे हिलाही माहीत होतं. एकेक अंडं ती हातानं उचलून बादलीत टाकत गेली. माणसं उठून जाऊही शकत नव्हती आणि बघूही शकत नव्हती. त्या धिप्पाड माणसांनी पियानो बाहेर काढला तेव्हा त्याच्या जागी फरशीवर चौकोनी डाग राहिला, आणि त्या डागात, अगदी भिंतीलगत, सगळ्यांत जुन्या पुड्या चिकटल्या होत्या.

त्या पिरगाळलेल्या नव्हत्या. त्यांच्या घट्ट त्रिकोणी घड्या होत्या, टोक आत खोचलेलं.

आल्मानं त्यातली एक उचलून तळहातावर धरली. म्हणजे सुरुवात यानं केली. बाकीचे त्याचं बघून शिकले. आणि मग तिला आणखी एक आठवलं: ताप उतरल्यापासून विल्फ रोज झोपण्याआधी पुन्हा खाली जायचा, गॅस सुटा राहिलाय का म्हणून शेगडीची सगळी बटणं हातानं चाचपून यायचा, सकाळचा गॅस तिला कधी पेटवू द्यायचा नाही, म्हणायचा, "पडून राहा, मी चहा आणतो." म्हातारा वेंधळा झालाय, असं ती सगळ्यांना सांगायची. हसून सांगायची. आणि सगळे हसायचे.

तिला वाटलं, फरशी दुभंगली तर बरं. फरशी दुभंगली नाही. 'शटल'ची फरशी मजबूत होती.

बादली बाहेर ठेवून, हात धुऊन ती परत आली तेव्हा सगळे अजून तिथंच होते. तिनं काउंटरवरची सासूची बरणी उचलली, मोरीत रिकामी केली, घासली, फडक्यानं कोरडी केली. साबणामागून आयती बरणी काढली. तिच्यावर रंगीत कागद होता, कागदावर हसरी कोंबडी. सगळ्यांच्या देखत तिनं ती काउंटरवर ठेवली, झाकण उघडलं आणि अंडी पाण्यासकट सासूच्या बरणीत ओतली. एकही सांडलं नाही. हसऱ्या कोंबडीची रिकामी बरणी तिनं लपवली नाही. शेजारीच राहू दिली.

मग वेफर्सची पुडी फोडली, अंडं टाकलं, पिरगाळून हलवली आणि पुढं केली.

"विल्फ."

तो आला. टोपी काढून हातात धरली होती, अंत्ययात्रेत धरतात तशी.

"खा."

"आल्मा, लोकांसमोर..."

"क्लबात काय मेंढ्या होत्या?"

विल्फनं घास घेतला. डोळे उघडे ठेवायचा त्यानं प्रयत्न केला, पण ते मिटलेच. आल्मा काउंटरला दोन्ही हात टेकून बघत राहिली.

"कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं आहे हे हवेला म्हणतात. अंडं कसं आहे?"

विल्फनं गिळलं. "चांगलं आहे," तो म्हणाला. "तुझ्या पूर्वीच्या अंड्यांसारखं नाही. पण चांगलं आहे."

"आणि वास?"

तो बोलणारा माणूस नव्हता. त्यानं पुडी नाकाशी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. "आंबट," तो म्हणाला. "मिरीचा थोडा. सोमवारी तुझ्या स्वयंपाकघरात यायचा ना, तसाच. म्हणजे, दार लावून घेतल्यावर बाहेर यायचा तसा, जरा हलका."

आल्मानं बरणीवर लाकडी झाकण ठेवलं, नीट बसलं का ते दाबून बघितलं. मग नवऱ्याकडं बघून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"तू माझं मन राखायला गेलास, विल्फ शॉरॉक, आणि अख्ख्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट एकट्या माझ्यापासून राखलीस. दारू पिऊन पडला असतास तर माफ केलं असतं. बाई ठेवली असतीस तरी, एक वेळ. हे माफ नाही करणार. आता हे दुसरं घे. आणि सावकाश खा, मला बघू दे."